गणित कच्चं आहे, सर्व्हेचा कोर्स जमेल का?

प्रश्न: मी समाजशास्त्रात बीए केलंय, दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नाही. लोकसंख्या आणि आरोग्य सर्व्हेची ओळख करून देणारा एक फ्री ऑनलाइन कोर्स सापडलाय, नाव नोंदवू का? आणि मुळात काही हजार घरांना विचारून अख्ख्या देशाचं कसं काय सांगतात हो, मला तर ते कधी पटलंच नाही.

उत्तर: नोंदवा की, फुकट आहे तर विचार कसला करताय. आणि ही शंका सोडू नका, ती घेऊनच कोर्सला बसा. अशा सर्व्हेंमधलं मोठं नाव म्हणजे डीएचएस, म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, 1984 ला सुरू झाला आणि आत्तापर्यंत 90 देशांत तरी झालाय, तर त्यात घरं मनाला येतील तशी नाही घेत. आधी वस्त्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, मग त्या गटातल्या सगळ्या घरांची यादी करून त्यातून साधारण 25-30 घरं काढतात. दाराला कुलूप दिसलं तर पुन्हा जायचं, शेजारचं घर घेऊन भागवायचं नाही.

गणित म्हणाल तर गुणाकार-भागाकार आला की पुरे, पण ‘वेट’ नावाची भानगड आहे ना, म्हणजे कुठल्या घराच्या उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा, ती नीट समजून घ्या, बहुतेक जण तिथेच आपटतात. समजा देशाचे दोनच भाग, मोठ्यात 90 टक्के लोक, छोट्यात 10. छोट्याचंही नीट कळावं म्हणून दोन्हीकडे सारखीच घरं घेतली, आणि लसीकरण निघालं मोठ्यात 80 टक्के, छोट्यात 40. सरळ सरासरी काढली तर 60 येते, पण देशाचा आकडा 76 आहे, कारण मोठ्या भागातलं एकेक घर कितीतरी जास्त लोकांच्या वतीने बोलतंय. डीएचएसच्या फाइलमध्ये हे वेट दशांशचिन्ह न देता लिहिलेलं असतं, त्याला 10 लाखांनी भागायचं, हे आधी माहीत नसेल तर माणूस डोकं धरून बसतो.

मला स्वतःला मात्र दुसराच भाग आवडतो. बाळंतपणात गेलेल्या बाईला विचारणार कसं? म्हणून हयात बायकांना त्यांच्या सख्ख्या बहिणींबद्दल विचारतात, किती होत्या, कोण वारली, तेव्हा ती गरोदर होती का. साधी युक्ती, पण केवढं कळतं त्यातून!

सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी प्रश्नावली पहिल्या पानापासून वाचून काढा, कंटाळा येईल, येऊ दे. बायकांची प्रश्नावली 15 ते 49 वयापुरतीच असते, हे न बघता लोक ‘देशातल्या सगळ्या महिला’ असं लिहून मोकळे होतात.