गिअरबॉक्सचं तेल गळतंय? आधी जागा शोधा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी तेलगळतीची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्या १०० सीसी गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटखाली रोज रात्रीत रुपयाएवढा डाग पडतो. ऑइल सील दोनदा बदललं, पण महिन्याभरात पुन्हा तेच. आता इंजिन उघडायला सांगतायत. उघडावं का? (एक वाचक, कराड)

एवढ्यात नको. सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी. एकापाठोपाठ दोन सील गेली, म्हणजे दोष बहुधा सीलचा नाही. सील खराब करणारं कारण तसंच राहिलंय, किंवा तेल मुळात तिथून येतच नाहीये.

स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं, कव्हर काढा. आत चेनचं ग्रीस आणि चिखल यांचा काळा थर बसलेला असेल. तो खरवडून काढा, रॉकेल आणि ब्रशने सगळी जागा धुवा, फडक्याने कोरडी करा. मग वरून टाल्कम पावडर भुरभुरा, पाच-सात किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ उठलेली दिसेल. ती वर जिथे संपते, तिथे तुमची गळती आहे. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे थेंब पडतो त्या जागेवरून काहीच ठरवू नका. नुसता चिकट, तारा सुटणारा काळा राप दिसला तर तो चेनच्या ल्यूबचा आहे. गिअरबॉक्सचं तेल बोटांवर पातळ आणि निसरडं लागतं.

त्या भागात संशयित चार : स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विच आणि वर मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग. अनेकदा गिअर शाफ्टचं छोटं सील गेलेलं असतं आणि बदललं जातं ते शेजारचं मोठं.

स्प्रॉकेटचंच सील ओलं निघालं तर तीन गोष्टी तपासा. पहिली, ब्रीदर पाइप. तो चिखलाने बुजला किंवा कुठे दुमडला, तर आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकललं जातं. तेल मापापेक्षा जास्त भरलं तरी गळती वाढते. दुसरी, बेअरिंग. चेन सैल करून स्प्रॉकेट हाताने वर-खाली हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजलंय, आणि अशा शाफ्टवर कोणतंही सील टिकणार नाही. फार ताणलेली चेन हे याचं नेहमीचं कारण, म्हणून चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच ठेवा. बेअरिंग गेलं असेल तर मात्र इंजिन उघडावं लागतं.

तिसरी गोष्ट शाफ्टवरची. सीलची कड जिथे घासते तिथून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला खाच पडली आहे. शाफ्ट न बदलता एक उपाय करता येतो : नवं सील जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर बाहेर बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. शाफ्टवर कॉलर असेल तर कॉलरच बदला आणि तिच्या आतली ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडीही. ही ओ-रिंग कडक झाली की तेल सीलला वळसा घालून कॉलरच्या आतून बाहेर येतं.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानात जुनं सील दाखवण्याऐवजी हे आकडे सांगा. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. शाफ्टच्या दातांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ते दातच नव्या सीलची कड कापतात. महिन्याभरात गेलेली बरीच सील अशी पहिल्याच दिवशी कापली गेलेली असतात. कडेला थोडं ग्रीस लावा, सीलच्या बाहेरच्या मापाचा सॉकेट ठेवून हलक्या हाताने सगळीकडून सारखं ठोका. काही गाड्यांत सीलच्या बाहेरच्या अंगाला कडा असते आणि ती केसच्या खाचेत अडकलेली असते. असं सील उचकटू नका, ते केस उघडूनच निघतं.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न ३५० बुलेट आहे. गिअरबॉक्सखाली कायम थारोळं. ‘बुलेट म्हटली की गळणारच’ असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

थोडं झिरपणं समजू शकतो, थारोळं नाही. या गाडीत तीन तेलं वेगवेगळी असतात : इंजिनचं, प्रायमरी चेनकेसचं (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या पेटीचं) आणि गिअरबॉक्सचं. कोणतं गळतंय ते नाकाला कळतं. गिअरबॉक्समधल्या ईपी ९० या जाड गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. इंजिनचं तेल काळं, चेनकेसमधलं त्यामानाने पातळ आणि क्लचच्या जळक्या वासाचं. जमिनीवर पांढरा कागद ठेवा, डाग पडला की वास घ्या.

गिअरबॉक्सचंच तेल असेल तर आत काय भरलंय ते आधी विचारा. हा चार गिअरचा बॉक्स मूळ अल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या रचनेचा, अर्धद्रव ग्रीस किंवा जाड तेलावर चालणारा. त्यात कोणी इंजिनचं २०डब्ल्यू४० ओतलं असेल तर ते बाहेर येणारच. ईपी ९०, शक्यतो ब्राँझला न खाणारं जीएल-४ दर्जाचं घ्या, कारण आत ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) आहेत. गळती थांबावी म्हणून चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस मात्र कधीही भरू नका. गिअर ते बाजूला फेकतात, ते तिथेच चिकटून राहतं आणि बुश कोरडे पडतात. तेल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच भरा.

गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट (मेनशाफ्ट) स्लीव्ह गिअर या पोकळ गिअरच्या आत बुशवर फिरतो. बुश झिजले की तेल शाफ्टवरून क्लचकडे सरकतं. चेनकेसमध्ये तुम्ही तेल न घालता पातळी वाढत असेल आणि क्लच घसरत असेल, तर बुशकडेच पाहावं लागेल. आणि गाडी साइड स्टँडवर लावणं बंद करा. ती डावीकडे कलते आणि रात्रभर तेल त्याच बाजूच्या सीलवर उभं राहतं.

प्रश्न : आरएक्स १०० चं गिअर ऑइल दर महिन्याला कमी होतं. खाली एक थेंब नाही. धूर मात्र खूप. (एक वाचक, सातारा)

गळती आतल्या आत आहे. आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी. तिच्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या शाफ्टच्या) क्लचकडच्या बाजूचं सील गेलंय. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये प्रत्येक फेरीला ओढ निर्माण होते, ती झिजलेल्या सीलमधून गिअर ऑइल खेचते आणि ते पेट्रोलसोबत जळतं. पेट्रोलसोबत जळणारं टू-टी तेल जास्त झाल्यानेही धूर येतो, पण त्यात गिअर ऑइलची पातळी उतरत नाही. गिअर ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर शंका उरत नाही.

खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करून ५-६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा. पाचेक मिनिटं काटा हलता कामा नये. हवा गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून निघाली तर हेच सील. जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलही निसटेल. मॅग्नेटच्या बाजूचं सीलही सोबतच बदला. ते गेलं की इंजिन जादा हवा ओढतं, आयडलिंग वाढतं आणि पिस्टन तापून जॅम होऊ शकतो.

प्रश्न : ड्रेन बोल्टपाशी थेंब येतो. घट्ट केला तर आटेच गेले. एम-सील लावू का? (एक वाचक, परभणी)

नको. तेलकट अॅल्युमिनियमवर ते धरत नाही, आणि बोल्ट वाटेत पडला तर सगळं तेल रस्त्यावर जाईल. लेथवाल्याकडून त्याच मापाचा हेलिकॉइल इन्सर्ट (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. आटे पाडताना निघणारा कीस आत राहू नये म्हणून टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावायला सांगा, आणि शेवटी थोडं तेल ओतून जागा धुऊन घ्या.

मूळ दोष बहुतेक वॉशरचा होता. तो दाबून बसणारा असतो, एकदा चपटा झाला की संपला. दर वेळी नवा घाला. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग साध्या पान्याने साधारण पाव फेरी.

प्रश्न : गळती थांबवणारं औषध तेलात टाकलं तर? (एक वाचक, मडगाव)

ते रबर फुगवतं. कडक झालेल्या सीलला काही दिवस उपयोग होतो, फाटलेल्या सीलला किंवा पॅकिंगला होत नाही. क्लच तेलात बुडालेला असतो त्या गाड्यांत हे टाकू नका, क्लच घसरू लागेल. तेवढ्याच पैशांत सील येतं. सील बदलेपर्यंत मागचा टायर रोज तपासा. स्प्रॉकेटपाशी आलेलं तेल चेनवरून टायरवर उडतं, आणि वळणावर टायरची कड तेलकट असेल तर गाडी सावरता येत नाही. तेल दिसलं तर साबणाच्या पाण्याने टायर घासून धुवा, रॉकेलने नाही.