पायथनमध्ये केलेली सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तुटलेली का दिसते?

तुम्ही प्रोजेक्ट फोल्डरमधून स्क्रिप्ट चालवून 'डेटा/यादी' असा पाथ दिलात, पण लिंक त्याच प्रोजेक्टमधल्या 'लिंक्स' फोल्डरात केलीत. घोळ तिथेच आहे. लिंक करणारं ओएस.सिमलिंक हे फंक्शन दिलेला पाथ जसाच्या तसा साठवतं, तिथे फाइल आहे का हे बघतसुद्धा नाही. म्हणून एरर आली नाही. असा सापेक्ष, म्हणजे कुठल्यातरी फोल्डरापासून मोजलेला पाथ इथे मोजला जातो तो लिंकच्या फोल्डरापासून. 'ठाणे स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे' हा पत्ता पलीकडे कोपरीच्या बाजूला उतरलेल्याला कसा चालेल? इथे '../डेटा/यादी' हवं ('../' म्हणजे एक फोल्डर वर). हाताने मोजत बसू नका, सापेक्ष पाथ काढून देणाऱ्या ओएस.पाथ.रेलपाथला दुसरा पॅरामीटर म्हणून लिंकचं फोल्डर द्या.

ऐरोलीच्या सर्व्हरवरून अख्खा प्रोजेक्ट महापेच्या सर्व्हरवर हलवणार असाल, तर पाथ सापेक्षच ठेवा. एकटी लिंकच इकडेतिकडे जाणार असेल, तरच ॲब्सोल्यूट, म्हणजे मुळापासूनचा पूर्ण पाथ. लिंकमध्ये नेमकं काय साठलंय ते ओएस.रीडलिंक दाखवेल.