अर्ज केला तर पोरं नेतील काय?

एकट्या आईला बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मूल सांभाळायला दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, फॉर्म भरायला सांगितलं, की पहिला प्रश्न पैशांचा येत नाही. "ताई, अर्ज केला तर पोरं बालगृहात नेतील काय ओ?" दापोलीच्या किनाऱ्यावर हे हमखास ऐकू येतं.

एका घरातलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा होडीवर खलाशी होता, आजारपणात गेला. बायको बंदरावर मासळी निवडायला जाते. जून-जुलैत मासेमारी बंद, की तिचा रोजही बंद. गावच्या आशाताईंनी (आरोग्य सेविकेने) मला बोलावलं ते मात्र थोरल्या मुलीसाठी. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून ती शाळा बुडवायची आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

फॉर्म फळीवर तसाच पडला होता. त्याला घरासमोर आईसोबत मुलांचा फोटो जोडायचा असतो, तिथेच घोडं अडलेलं. "आधी फोटो नेतात, मग पोरं," असं सासूबाईंचं ठाम मत. गरिबीपायी मूल संस्थेत ठेवलेलं एक घर त्यांच्या पाहण्यात होतं, त्यामुळे त्यांना हसण्यावारी नेण्यात अर्थ नव्हता. पण हे बोलणं मुलीच्या कानावर गेलेलं. आपण शाळेत असताना कोणी धाकट्याला नेलं तर? पडवीत माझ्याशेजारी बसून, जाळ्याचा तुटका दोरा बोटाला गुंडाळत, तिने हे सांगितलं. आईला बोलली नव्हती.

मग तिघींना एकत्र बसवून समजावलं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहेच मुळी मूल घरात राहून वाढावं म्हणून. २०२३ मध्ये रक्कम ११०० वरून महिना २२५० रुपये झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. मारहाण, छळ, मूल टाकून देणं असं काही असेल तर बालकल्याण समिती, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती, मुलाला सुरक्षित जागी हलवू शकते, हेही मी लपवलं नाही. नुसती गरिबी हे त्याचं कारण होत नाही.

या समितीपुढे मुलांना घेऊन रत्नागिरीला जावं लागतं. एसटीने अख्खा दिवस मोडतो, रोज बुडतो. ही अडचण मला त्या भीतीपेक्षा खरी वाटते. तिथे कोण बसतं, काय विचारतात, हे मुलीला आधी सांगून ठेवलं. तिचा प्रश्न एकच, "आये माझ्याजवळच बसेल ना?" समितीने विचारलं ते साधंच: कुणाजवळ राहतेस, शाळा कितवी, जेवतेस काय.

पोटदुखी एकदम गेली नाही, पण पैसे यायच्या आधी शाळा सुरू झाली.

पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही, त्या भरवशावर उसनवारी नको. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि पासबुक जमवून ठेवा. फॉर्म जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो, फुकट. "फाइल सरकवतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.