तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : उन्हाळ्यातली गाडी

प्रश्न : आमच्या सहा गाड्या आहेत, रावेरहून दिल्लीला केळी जाते. एप्रिल-मे लागला की टायर फुटायला सुरुवात. ड्रायव्हर लोक दुपारी ढाब्यावर थांबून थोडी थोडी हवा काढतात, म्हणतात गरम होऊन हवा वाढली. नायट्रोजन भरावा का?
– एक केळी वाहतूकदार, रावेर

दादा, आधी ते हवा काढणं बंद करा, आजपासूनच. पळून आलेल्या गाडीत सकाळच्यापेक्षा दहा-पंधरा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दिसणारच, टायर बनवणाऱ्याने ते धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. तुम्ही दुपारी ती जास्तीची हवा सोडली की तोच टायर थंड झाल्यावर तेवढाच कमी भरतो, आणि कमी हवेचा टायर लोडखाली प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, बाजूची भिंत सारखी वाकते, त्याने आतून तापतो आणि मग फुटतो. लोकांना वाटतं हवा जास्त झाली म्हणून फुटला, बहुतेक वेळा उलटं असतं. वर डिझेल जास्त खातो ते वेगळंच.

म्हणून हवा बघायची पहाटे, गाडी हलायच्या आधी, आणि गेजने. हातोडीने टायर वाजवून अंदाज घेणारे पुष्कळ आहेत, पण दहा-वीस पीएसआयचा फरक आवाजात कळत नाही. मागच्या जोडटायरमधला आतला टायर विशेष बघा, त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात जात नाही म्हणून महिनोन्महिने कुणी बघतच नाही, मग आतला बसला की बाहेरचा एकटा दोघांचा भार ओढतो. एक्स्टेंशन व्हॉल्व, म्हणजे हवा भरायचं तोंड बाहेरपर्यंत आणणारी नळी, लावून घ्या, फुटलेल्या एका टायरच्या पैशात सगळ्या गाड्यांचे होऊन वर चहा निघेल.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि गरम झाल्यावर तोही साध्या हवेएवढाच फुगतो. हवा कोरडी मिळते आणि थोडी कमी झिरपते एवढाच फायदा, पण नायट्रोजन भरलाय म्हणून महिनाभर गेजच लावलं नाही तर साध्या हवेपेक्षा वाईट. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. जुना किंवा रिसोल केलेला (झिजल्यावर वरून नवं रबर चढवलेला) टायर मे महिन्यात पुढच्या एक्सलला लावू नका, मागे फुटला तर गाडी बाजूला घेता येते, पुढे फुटला तर स्टेअरिंगच हातात राहत नाही. आणि केळी लवकर पोचवायची म्हणून ड्रायव्हरला पळवू नका, लोड आणि स्पीड दोन्ही जास्त असेल तर हवा कितीही बरोबर असू दे.

प्रश्न : गाडी सिमेंटच्या कामावर आहे. उन्हाळ्यात गरम होत होती म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता गरम होत नाही पण ॲव्हरेज पडलं.
– ट्रकमालक, चंद्रपूर

पडणारच ना भाऊ. इंजिन लवकर तापून ठरलेल्या टेंपरेचरला टिकावं म्हणून तर तो असतो. काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, रात्री रिकामी गाडी आली की इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं. गाडी बीएस-६ असेल तर सेन्सरला वाटतं इंजिन अजून गरमच झालं नाही आणि तो डिझेल वाढवत बसतो. नवा थर्मोस्टॅट बसवा.

गरम का होत होती ते मात्र शोधायला हवं. सिमेंटच्या गाडीत माझा पहिला संशय रेडिएटरच्या जाळीवर, त्यात धूळ बसून वर पाणी लागलं की पापुद्राच होतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या प्रेशरने धुवा, जोराचा फवारा मारला तर पत्र्या वाकतात. मग फॅनचा क्लच, बेल्ट आणि रेडिएटरचं झाकण. आत बोअरचं पाणी ओतत असाल तर ते बंद, क्षार बसतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कुणी उघडायचं नाही, दरवर्षी कुणाचा तरी चेहरा भाजतोच.

प्रश्न : मिस्टर ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर आहेत, नागपूर लाइनला जातात. नव्या गाडीला एसी आहे पण मालक लावू देत नाही, डिझेल जातं म्हणतो. घरी येतात तेव्हा डोकं धरून बसतात.
– एक ताई, अहिल्यानगर

ताई, एसीला डिझेल लागतं, खोटं कशाला बोलू. पण त्या मालकाला म्हणावं, गाडी उभी असताना उगाच इंजिन चालू ठेवलेलं मोज, मोठी गाडी नुसती उभी राहून तासाला दोन लिटर पिते म्हटलं तरी दहा गाड्या रोज दोन-दोन तास म्हणजे चाळीस लिटर, तिथे वाचव. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सरकारने सक्तीचा केलाय, तो काय शोभेला नाही. आठ तासांची ड्युटी तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेली होती, आज सोळा तास चालवणारे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

मिस्टरांना सांगा, विदर्भात मे महिन्यात बारा ते चार गाडी सावलीला लावायची, पहाटे आणि संध्याकाळी अंतर कापायचं, मात्र दुपारी खरंच झोपायचं, नाहीतर रात्री डुलकी लागते. पाणी तहान लागायच्या आधीच प्यायचं, ओआरएसची पाकिटं केबिनमध्ये असू देत. डोकं दुखतंय, मळमळतंय की लगेच थांबायचं. बोलणं बरळल्यासारखं झालं, अंग चटके बसण्याइतकं गरम लागलं, घाम थांबला असो वा नसो, तर क्लीनरने १०८ लावायचा, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही. हे क्लीनरला आधीच शिकवून ठेवायला सांगा, त्या वेळी ड्रायव्हरला स्वतःचं कळत नसतं.

प्रश्न : उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो असा मेसेज फिरतोय. आणि डिझेल पहाटे भरलं तर जास्त मिळतं का?
– वाचक, सोलापूर

पहिलं खोटं, इंडियन ऑइलने तसा जाहीर खुलासाही केलाय, कंपनीने ठरवलेल्या मापापर्यंत बिनधास्त भरा. फक्त नोझल कट झाल्यावर गळ्यापर्यंत ठासू नका, डिझेल तापून फुगतं आणि मग झाकणातून रस्त्यावर सांडतं. पहाटेचं म्हणाल तर पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक नावालाच, त्यासाठी झोप मोडू नका. झाकणाचं रबर गेलंय म्हणून चिंधी कोंबलेल्या गाड्या हायवेला रोज दिसतात, तुमची त्यातली असेल तर आधी नवं झाकण घ्या.