केनियाचं जुनं सरकारी गॅझेट चाळताना
अरे, नेमणुका आणि रजांच्या याद्या भराभर ओलांड. साहेब विलायतेला गेला नि परत आला, एवढंच तिथे असतं. खरा माल मागच्या पानांत: मयताच्या मालमत्तेच्या नोटिसा, दारूचे परवाने, भूखंडांचे लिलाव. गोव्याहून नैरोबीला गेलेला कारकून सापडला तर तिथेच. फक्त 'डिसूझा'ची तीन-चार स्पेलिंगं घालून बघ. १९२० आधीचे अंक 'पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेश' या नावाखाली मिळतात. नोटिशीवरच्या सहीची तारीख आणि अंकाची तारीख, दोन्ही टिपून ठेव. रकमांत मात्र नवखा हमखास फसतो (मीही फसलोय): १९२० पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, मग थोडा काळ फ्लोरिन, १९२१ पासून शिलिंग, एका फ्लोरिनला दोन.