सीबीसीटीवरून दाढांच्या मुळांचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मी असा समजलो: विभागात तीन-चारशे जुने सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, पडून आहेत. त्यांवरून वरच्या पहिल्या दाढेत दुसरा मिझिओ-बक्कल कॅनाल (पुढच्या, गालाकडच्या मुळातली दुसरी बारीक नळी), म्हणजे आपला एमबी-२, किती जणांत असतो ते मोजायचं आहे, आणि जमलं तर खालच्या दाढाही बघायच्या आहेत. गाइड म्हणाले, सोपं काम आहे, स्कॅन तयारच आहेत. स्कॅन तयार आहेत हे खरं. सोपं आहे यावर मात्र मी सही करणार नाही.

आधी हे शोधा की ते स्कॅन मुळात काढले कशासाठी होते. इम्प्लांटसाठी काढलेल्यांत बहुतेक रुग्ण वयस्क निघतील, दोन-चार दाढा आधीच गेलेल्या, उरलेल्यांतल्या काहींवर क्राउन. वय वाढतं तसं आतून डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) साचत जातं, कॅनाल आक्रसतात, आणि एमबी-२ मुळातच बारीक असल्याने तो आधी दिसेनासा होतो. रूट कॅनाल करताना अडलं म्हणून काढलेले स्कॅन घेतलेत तर नेमक्या अवघड दाढाच गोळा होतील आणि आकडा फुगेल. ऑर्थोसाठीच्या (दात सरळ करण्यासाठीच्या) स्कॅनमध्ये दात तरुण मिळतात, पण सगळा जबडा एकदम धरलेला असतो, त्यामुळे व्हॉक्सेल (स्कॅनच्या चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) बहुधा मोठा. यातलं कुठलंच कारण स्कॅन बाद करायला पुरेसं नाही. फक्त एक्सेलमध्ये ‘स्कॅनचं कारण’ असा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर तो भरता येत नाही. आणि संख्या कमी पडते म्हणून कुणाचा नवा स्कॅन काढायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.

आता व्हॉक्सेल. सीबीसीटीत तो साधारण ०.०८ ते ०.४ मिमी असतो. कॅनाल व्हॉक्सेलपेक्षा बारीक असला की त्याचा काळेपणा शेजारच्या डेंटिनमध्ये मिसळतो आणि हाती उरतो एक करडा डाग. दोन कॅनाल वेगळे दिसायचे तर त्यांच्यामधली भिंतही एक-दोन व्हॉक्सेल रुंद हवी. म्हणून ०.४ वर काढलेल्या स्कॅनमध्ये एमबी-२ दिसला नाही तर ‘नाही’ असं लिहू नका, ‘सांगता येत नाही’ असं लिहा. ०.१ आणि ०.४ चे स्कॅन एकत्र करून काढलेली टक्केवारी कशाचीच नसते. मायक्रो-सीटी १०-२० मायक्रॉनपर्यंत उतरतो, पण त्यात काढलेला दातच ठेवावा लागतो, रुग्ण नाही.

दिसणं साधनावर किती अवलंबून असतं, याचं माझं आवडतं उदाहरण कुलिल्ड आणि पीटर्स यांच्या १९९० च्या कामाचं आहे. त्यांनी वरच्या दाढांत हा कॅनाल आधी साध्या हँड इन्स्ट्रुमेंटने शोधला, मग बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) थोडं खोल जाऊन, मग मायक्रोस्कोपखाली. पहिल्या पायरीला तो निम्म्याहून थोड्या जास्त मुळांत सापडला, शेवटी आकडा ९५ टक्क्यांच्या घरात गेला. दाढा त्याच होत्या! त्याआधी व्हर्टुचींनी १९८४ मध्ये २४०० दात पारदर्शक करून, आत रंग भरून, कॅनालच्या रचनेचे आठ प्रकार मांडले. ते आपण सगळेच पाठ करतो, पण ते दात हातात धरून पाहिलेले होते. तीच वर्गवारी आपण करड्या ठिपक्यांवर बसवतो, हे लक्षात असू द्या.

प्रत्यक्ष बघताना काय होतं ते एका १६ वर, म्हणजे वरच्या उजव्या पहिल्या दाढेवर, सांगतो. स्कॅन उघडला की लगेच मोजू नका. आधी मिझिओ-बक्कल मुळाचा अक्ष सरळ करून घ्या, म्हणजे अॅक्सिअल (आडवी) स्लाइस मुळाला काटकोनात बसेल. हे मूळ बऱ्याचदा डिस्टलकडे (मागच्या बाजूला) वळतं, तेव्हा मधे एकदा पुन्हा तिरपं करावं लागतं. आळस केलात तर गोल कॅनाल लंबुळका दिसतो आणि एकाचे दोन वाटतात. मग पल्प चेंबरच्या (दाताच्या आतल्या पोकळीच्या) तळापासून टोकाकडे एकेक स्लाइस सरकवत जा. मूळ गालाकडून टाळूकडे लांबट, मधे किंचित चिमटलेलं दिसेल. गालाकडच्या टोकाला एमबी-१ (या मुळाचा मुख्य कॅनाल) ठळक काळा. टाळूकडचा अर्धा भाग कोरा. इथे थांबा. लांबट मुळात कॅनाल एका बाजूला सरकलेला असेल तर दुसऱ्या बाजूला काहीतरी असण्याची शंका घ्यायलाच हवी. तळाशी एमबी-२ च्या तोंडावर डेंटिनचा ओठ आलेला असतो, म्हणून पहिल्या काही स्लाइसमध्ये तो दिसत नाही. थोडं खोल गेलात की एमबी-१ आणि पॅलेटल (टाळूकडचा) कॅनाल जोडणाऱ्या रेषेच्या जरा मिझिअलला (पुढच्या बाजूला) एक बारीक ठिपका उमटतो. चार-पाच स्लाइस टिकतो, गायब होतो, परत येतो, आणि टोकाजवळ एमबी-१ ला जाऊन मिळतो. व्हर्टुची प्रकार दोन.

तो मधे गायब झाला ते ‘आहे’ धरायचं की ‘नाही’? माझी पहिली फजिती इथेच झाली. काहीच न ठरवता ८० दाढा पाहिल्या. महिन्याने त्यातल्याच ३० पुन्हा उघडल्या, तर सात ठिकाणी माझंच उत्तर बदललेलं. कॅप्पा (दोन वेळच्या उत्तरांचा मेळ मोजणारा आकडा) काढला आणि फाइल बंद केली. मग निकष लिहून काढला: लागोपाठ किमान तीन स्लाइसमध्ये दिसला पाहिजे आणि दुसऱ्या प्रतलातही सापडला पाहिजे. सगळं पहिल्यापासून मोजलं. तुमचा निकष वेगळा असू शकतो, पण तो पहिली दाढ बघण्याआधी कागदावर हवा, आणि स्लाइसची जाडीही त्यात हवी.

धातूचा क्राउन किंवा गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरायचा पदार्थ) शेजारी असेल तर काळे पट्टे येतात आणि ते कॅनालची हुबेहूब नक्कल करतात. पट्टा सरळ रेषेत जातो, मुळाची हद्द ओलांडून हाडात शिरतो. कॅनाल मुळाच्या आतच राहतो. रूट कॅनाल झालेली दाढ मोजणीत घेऊच नका.

खालच्या दाढांबद्दल थोडक्यात. ३६-४६ मध्ये (खालच्या पहिल्या दाढांत) जिभेकडचं जादा डिस्टल मूळ, रेडिक्स एन्टोमोलॅरिस, साध्या आयओपीएत (तोंडात फिल्म ठेवून काढलेल्या एक्स-रेत) डिस्टल मुळामागे लपतं. एक्स-रेची ट्यूब सरकवली तर ते ट्यूबच्याच दिशेने सरकतं. अॅक्सिअल स्लाइसवर मात्र ते सहज दिसतं. पूर्व आशियाई लोकांत ते बरंच जास्त आढळतं, तेव्हा तुमचे रुग्ण कोण आहेत हे लिहिल्याशिवाय टक्केवारीची तुलना करू नका. ३७-४७ मधला (खालच्या दुसऱ्या दाढांतला) सी-शेप, म्हणजे इंग्रजी ‘सी’सारखा कॅनाल, हर्टविगचं आवरण (मूळ घडवणारा पेशींचा थर) एका बाजूला नीट न जुळल्याने होतो. त्याला व्हर्टुचीत कोंबू नका, फॅन यांची २००४ ची सी-१ ते सी-५ वर्गवारी घ्या. तो एकाच मुळात वर सी-१ आणि खाली सी-३ असू शकतो, म्हणून वर, मधे आणि टोकाजवळ अशा तीन पातळ्यांवर नोंद करा. फर्केशनकडच्या (मुळं जिथे फुटतात तिथल्या) भिंतीची जाडी मोजायचा मोह होईल. तिथे डेंटिन जेमतेम मिलिमीटरभर, आणि व्हॉक्सेल ०.२ असेल तर एका क्लिकच्या चुकीने पाचवा हिस्सा जातो. मी तरी तो भाग सोडून देईन.

आकडेमोडीत एकच सांगतो: एका रुग्णाच्या १६ आणि २६ ही दोन स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. उजवीकडे एमबी-२ असेल तर डावीकडे असण्याची शक्यता वाढते. दाढांप्रमाणे आणि रुग्णांप्रमाणे, दोन्ही आकडे द्या.

या आठवड्यात फक्त वीस स्कॅन घ्या. तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघांनी एकमेकांना न विचारता बघा, दोन आठवड्यांनी तेच वीस पुन्हा बघा. ज्या दाढांवर जमत नाही त्यांच्या स्लाइस, परवानगी घेऊन आणि रुग्णाची ओळख काढून, इथे टाका. व्हॉक्सेल किती ते सोबत लिहा, नाहीतर मी आधी तेच विचारणार आहे.