चर्चमधील उपासनेच्या प्रार्थना आधीच ठरलेल्या का असतात?

उपासना एकट्या पाळकाची न राहता सगळ्या मंडळीची व्हावी, यासाठीच लिटर्जी म्हणजे ठरलेला उपासनाविधी असतो. पाळकाने ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हणताच मंडळी एकमुखाने उत्तर देते, आणि ते पाठ असल्यामुळे दुःखाने शब्द सुचेनासे झालेला माणूसही त्यात सामील होऊ शकतो. मला हा लिटर्जीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हा क्रम फार जुना आहे: इ. स. १५५च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी केलेल्या रविवारच्या सभेच्या वर्णनात शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना आणि त्यानंतर भाकर व द्राक्षारस असाच क्रम दिसतो. मात्र सर्वच पंथ लिखित विधी पाळत नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व लुथरन मंडळ्यांत तो असतो, तर पेंटेकोस्टल उपासनेत उत्स्फूर्त प्रार्थनेला अधिक वाव असतो.